घाटाच्या राणीचा अभ्यास

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावे एकाहून अधिक आहेत, आणि त्यापायी पाहुण्यांची व पार्सलांची जी फरपट होते ती आम्ही महाळुंगेकरच जाणतो. आमचे महाळुंगे मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे, बालेवाडीला चिकटलेले. दुसरे चाकणच्या बाजूला, खेड तालुक्यात. तिसरे महाळुंगे पडवळ, आंबेगाव तालुक्यात. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे उभे राहून ज्यांनी प्राण दिले ते हुतात्मा बाबू गेनू या तिसऱ्या महाळुंग्याचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन झाले, तेव्हा एका वक्त्यांनी बाबू गेनूंना बिनदिक्कत आमच्या महाळुंग्याचे करून टाकले. “आपण ज्या मातीत उभे आहोत त्याच मातीत,” वगैरे. पायाखाली सिमेंटच्या फरशा होत्या, पण टाळ्या कडाडल्या. शेजारच्या काकूंनी माझ्या कानाशी लागून विचारले, “खरंच का हो? तुम्ही मराठीच्या प्राध्यापिका, तुम्हांला ठाऊक असेल.” मी म्हटले, “नंतर सांगते.” ते नंतर आजतागायत आलेले नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढीच त्या दिवशीची माझी शौर्यकथा.

ही गोष्ट मनात सलत असतानाच गेल्या फाल्गुनात ती मुलगी माझ्याकडे आली.

आमच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला आहे. मुळशीतल्याच एका गावाहून दोन बस बदलून येते, मागच्या बाकावर बसते, आणि परीक्षेत जेमतेम पन्नास गुणांच्या आसपास रेंगाळते. तिचे खरे नाव मी सांगणार नाही. गावोगावच्या फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली ‘घाटाची राणी’ असे छापलेले असते, म्हणून आपणही तिला राणीच म्हणू.

“मॅडम, माझा सत्कार आहे यात्रेत. पाच मिनटांचं भाषण लिहून द्या ना. लय भारी शब्द टाका.”

इथे शहरातल्या वाचकांसाठी थोडे थांबले पाहिजे. घाट म्हणजे खंडाळ्याचा घाट नव्हे. पुणे जिल्ह्यात बैलगाडा पळतो त्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. खेड तालुक्यात निमगावच्या खंडोबाचा घाट प्रसिद्धच आहे. सातारा-सांगलीकडे एका वेळी अनेक गाडे सुटतात, विदर्भात शंकरपटात जोडी पळते. पण आमच्याकडे एका वेळी एकच गाडा. त्याला चार बैल, दोन पुढे आणि दोन मागे. गाडा तो केवढा, तर दोन चाके आणि चार लाकडे. त्यावर बसून हाकणारा कोणी नाही. मग बैल पळतात कसे? तर घोडीच्या मागे. पुढे घोडी, घोडीवर स्वार, आणि तिच्या शेपटामागे चार खिल्लारांचे वादळ. ही एक धाव म्हणजे एक ‘बारी’. घड्याळावर सेकंद आणि सेकंदाचे तुकडे मोजायचे, निवेदकाने ‘भिर्रर्र’ करून आरोळी ठोकायची, भंडारा उधळायचा, की पुढची बारी.

ती घोडी राणी पळवते. घोडी फार पुढे गेली तर बैलांचा नाद तुटतो, आणि मागे पडली तर काय होते ते सांगायला नको. वर पोचल्यावर तिला बाजूला काढायची असते, तीही त्या सेकंदाच्या तुकड्यात. हे काम आजवर पोरगे करीत आले. आता मुलीही करू लागल्या आहेत.

मी तिला घरी चहाला बोलावले. आमची कन्या दहावीला आहे. सोसायटीतली सहा कुत्री तिच्या हातचे खातात आणि ती स्वतः अंडेही खात नाही. राणी कोण हे कळताच तिने बशीतली शंकरपाळी तशीच ठेवली आणि सरळ विचारले, “पण ताई, याच्यावर सुप्रीम कोर्टाची बंदी होती ना? बैलांना मारतात म्हणून?”

“आता उठली बंदी,” राणी म्हणाली.

“का उठली?”

राणीने माझ्याकडे पाहिले. मी चहा गाळीत होते.

“मारतात का पण?”

“मी पुढे असते,” राणी म्हणाली, “मला मागचं दिसत नाही.”

तिने हे अगदी सहज सांगितले. त्यात काही लपवावे असा तिचा हेतू नव्हता. पण चहा झाल्यावर मला ते भाषण लिहिता येईना. फाल्गुनातली रात्र, खिडकीतून क्रीडासंकुलाचे दिवे दिसत होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभे राहिले. त्या दिव्यांकडे पाहत मी दोन वाक्ये लिहिली: ‘शिवरायांच्या मावळ मातीत’ आणि ‘बळीराजाची परंपरा’. मग मला झेंडावंदनाचे ते वक्ते आठवले. मी कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी राणीला सांगितले, “भाषण मी लिहिणार नाही. तू लिही. त्याआधी तीन शनिवार माझ्याकडे ये. आणि घरी आजोबांना विचार, ते गाडा कसा पळवायचे.”

तिचा चेहरा उतरला. भाषण मागावे आणि गृहपाठ मिळावा, यासारखे दुःख नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही कायदा काढला. शर्यती अडल्या त्या १९६० च्या, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यावर. हा कायदा आला कुठून? राणीला वाटले, इंग्रजांनी केला असेल. इंग्रजांनी १८९० साली एक केला होता खरा. पण १९६० चा कायदा घडला तो एका नर्तकीच्या हट्टामुळे. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यम् ज्यांनी प्रतिष्ठित केले त्या, राज्यसभेच्या सदस्य होत्या. त्यांनी प्राण्यांसाठी खाजगी विधेयक आणले. नेहरूंच्या सरकारने ते विधेयक मागे घ्यायला लावून स्वतः कायदा करण्याचे कबूल केले, आणि तो केला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. बावन्न वर्षांनी हेच मंडळ सुप्रीम कोर्टात उभे राहिले आणि ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू व महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती दोन्ही बंद झाल्या.

“म्हणजे बाईनंच आमचा घाट बंद केला,” राणी म्हणाली. त्यात राग होता की कौतुक, ते मला उमगले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या नाचायच्या पण आणि कायदा पण करायच्या?”

दुसऱ्या शनिवारी २०१४ चा निकाल घेतला. इंग्रजी जड, आम्ही दोघी शब्दकोश घेऊन बसलो. केंद्र सरकारने २०११ साली बैलाचे नाव ‘खेळ करून दाखवण्यास मनाई असलेले प्राणी’ या यादीत घातले होते, तिथून सुरुवात. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही, असे त्यात म्हटले आहे. राणी उसळली. “यांनी खिल्लार बघितलाय का कधी? माणदेशातला खिल्लार वाऱ्याला मागे टाकतो!” मी म्हटले, हे भाषणात लिही. मग शेपटी पिरगाळणे, चावणे, टोचणे, मारणे यांची वर्णने आली. राणी गप्प झाली.

“आबा म्हणाले,” ती म्हणाली, “त्यांच्या वेळी शेपूट चावायचे. आबा स्वतः. हसत सांगत होते. मी हसले नाय, तर मग ते पण थांबले.”

हेही भाषणात लिही, असे सांगायचा धीर मला झाला नाही.

बाकी इतिहास भराभर सांगते, कारण तो वर्तमानपत्रांत येऊन गेला आहे. २०१७ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर माणसांचा महासागर लोटला, तमिळनाडूने कायदा बदलला, पाठोपाठ महाराष्ट्रानेही बदलला. पण इथे हायकोर्टाच्या स्थगितीने शर्यती अडून राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तिन्ही राज्यांचे बदललेले कायदे वैध ठरवले. मात्र अटी आहेत: धाव हजार मीटरच्या आत, चाबूक-काठी नको, विजेचा धक्का नको, पशुवैद्याची तपासणी हवी, अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. राणी चार हंगाम घोडी पळवीत होती आणि या अटींतली एकही तिला कोणी वाचून दाखवली नव्हती. तिच्या सह्या घेतल्या होत्या, फोटो काढले होते. अटी पुरुषमंडळींच्या फाइलीत होत्या.

२०१४ ते २०२१ या सात वर्षांत तिच्या घरी काय झाले, तेही तिने त्याच दिवशी सांगितले. वडिलांनी तीन जोड्यांपैकी दोन विकल्या. जमीनही त्याच सुमारास गेली. मुळशीत जमीन कशी जाते हे ज्यांनी सिनेमात पाहिले असेल त्यांना फोड करून सांगायला नको. आमची सोसायटी ज्या शेतांवर उभी आहे, तीही अशीच कोणाची तरी होती. उरले ते एक एकर, एक जोडी आणि घोडी. “गाडा पळाला तर वडलांना गावात कोणी विचारतं,” ती म्हणाली. “नायतर मग ते नुसते कंपनीतले वॉचमन.”

तिसऱ्या शनिवारी ती उशिरा आली. वहीत भाषण जवळजवळ पुरे झाले होते, पण वही तिने उघडलीच नाही. सत्काराच्या मंडळींनी कळवले होते, की यंदा तिने घोडीवर बसायचे नाही. नऊवारी, फेटा, नथ घालून स्टेजवर बसायचे आणि पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे द्यायला मदत करायची. घोडी तिचा सोळा वर्षांचा चुलतभाऊ पळवणार होता.

“म्हणतात, आता तू राणी आहेस. पडलीबिडलीस तर नाव यात्रेचं जाईल.”

आता मला अमेरिकेची गोष्ट सांगणे भाग पडले. २०१९ साली मी धाकट्या दिरांकडे ऑरेगन राज्यात गेले होते. सप्टेंबर महिना, त्यांनी पेंडल्टन गावच्या रोडिओला नेले. रोडिओ म्हणजे तिकडच्या गुराख्यांची जत्राच: उधळ्या घोड्यावर टिकून राहायचे, पळत्या वासराला दोराने पकडायचे. सगळ्यांच्या आधी एक मुलगी घोडा फेकीत मैदानात आली. टोपीवर चकाकणारा मुकुट, हातात निशाण. मी विचारले, “ही काय करते?” दीर म्हणाले, “ही राणी. हात हलवते.” नंतर त्यांच्या बायकोने दुरुस्ती केली: तसे नाही हं, ‘मिस रोडिओ अमेरिका’ व्हायचे तर रपेट दाखवावी लागते, आणि खेळाच्या माहितीची लेखी परीक्षाही द्यावी लागते. घोड्यांचे रोग, खोगिराचे भाग, नियम, इतिहास. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. मुकुटासाठी लेखी परीक्षा! आमच्याकडे एवढे झाले तर निम्मे सत्कारमूर्ती घरी बसतील.

परत आल्यावर मी त्या इतिहासात डोकावले आणि गंमत वाटेनाशी झाली. रोडिओ हा शब्दच मुळात स्पॅनिश. गुरे वेढून आणायची विद्या मेक्सिकन गुराख्यांकडून अमेरिकनांनी उचलली. बैलाला शिंगे धरून लोळवण्याचा डाव रुळवला तो बिल पिकेट या काळ्या गुराख्याने. आणि बायका? विसाव्या शतकाच्या आरंभी बायका उधळ्या घोड्यांवर स्वतः बसत होत्या, बक्षिसे जिंकत होत्या. पेंडल्टनचा मेळा १९१० साली सुरू झाला, तिथेही बसत होत्या. मग १९२९ साली त्याच मैदानात बॉनी मॅकॅरोल ही नावाजलेली स्वार घोड्यासकट कोसळली आणि काही दिवसांनी दगावली. पेंडल्टनने बायकांची ती स्पर्धाच काढून टाकली. पुरुषही पडत होते, मरत होते; त्यांची स्पर्धा कोणी काढली नाही. त्याच वर्षी रोडिओवाल्यांची मोठी संघटना झाली, तिने बायकांच्या स्पर्धांना जागा दिली नाही. बायकांच्या वाट्याला उरला तो बव्हंशी मुकुट. शेवटी १९४८ साली टेक्सासमध्ये अडतीस बायकांनी एकत्र येऊन आपली वेगळी संघटना काढली, तेव्हा कुठे त्यांना पुन्हा खोगीर मिळाले.

राणीने बॉनीचे नाव वहीत लिहून घेतले. “पडली म्हणून बंद,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मला विचारले, “आपल्याकडं बायकांनी कधी बैल पळवलेत का, मॅडम?”

मी तिला अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे सांगितले. तिथल्या शंकरपटात बायकाही धुरकरी होतात. पदर खोचून, जोडीचा कासरा हातात धरून. हे मी तिला पहिल्याच शनिवारी सांगायला हवे होते. पण तेव्हा मला वाटले होते, की तिला कोर्टकचेरीचे समजले म्हणजे पुरे.

यात्रेला आम्ही मायलेकी गेलो. कन्या वही घेऊन आली होती. चाबूक दिसला की वेळेसकट टिपायचे असा तिचा बेत. ऊन मी म्हणत होते. स्टेजवर राणी नऊवारीत बसली होती, फेटा डोईला जड होत असावा, कारण ती सारखी मान सरळ करीत होती. पाहुणे अडीच तास उशिरा आले. मग निवेदकाने तिचे नाव पुकारले.

भाषण चार मिनिटांचे झाले. त्यात शिवराय नव्हते, बळीराजाही नव्हता. तिने रुक्मिणीदेवींचे नाव घेतले, ते कोणालाच कळले नाही. तिने दोन्ही निकालांच्या तारखा सांगितल्या आणि अटी एकेक करून वाचल्या. खिल्लाराबद्दल बोलली तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग म्हणाली, “माझे आबा शेपूट चावायचे. आबांनी आता सोडलं. ज्यांनी सोडलं नसंल त्यांनी आज सोडा, नायतर पुढच्या वेळी घाट बंद झाला तर कोर्टाला नावं ठेवू नका.” घाटावर एवढी माणसे असून क्षणभर फक्त बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. आबा पुढच्याच रांगेत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

शेवटी ती म्हणाली की मला शाल दिली त्याबद्दल आभारी आहे, पण घोडी माझी आहे, आणि यंदा मला खाली का बसवलं ते मला कोणी नीट सांगितलेलं नाही. आयोजकांपैकी एकाने हसत माईक घेतला. “पोरगी भावनेच्या भरात बोलली. गोड मानून घ्या.” बाऱ्या सुरू झाल्या. चुलतभावाने घोडी बरी पळवली. फार चांगली नाही.

संध्याकाळी भंडाऱ्याने पिवळी झालेली राणी आमच्याजवळ आली. कन्येने वही पुढे केली. पानावर तीन नोंदी होत्या, वेळेसकट. राणीने त्या वाचल्या आणि कोणाचे गाडे ते ओळखले. “हा आमचाच भावकीतला,” एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

“आज पहिल्यांदा बैल समोरून पाहिले, मॅडम. चार वर्षं माझ्या मागंच होते.”

“मग?” कन्येने आशेने विचारले.

“मग काय? डोळे पांढरे होतात त्यांचे,” राणी म्हणाली. “काहींचे. सगळ्यांचे नाय. आमचा सर्जा तर खेळल्यासारखा येतो. पण काहींचे होतात.”

कन्येला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, आणि परतताना गाडीत तिने मला तसे सांगितलेही. मला ते पुरेसे वाटले की नाही, हे माझे मलाच नक्की सांगता येत नाही. शर्यत असावी की नसावी यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. राणीचे म्हणाल तर तिने घोडी विकू दिलेली नाही, आणि आबांशी तिचे आता जास्त बोलणे होते, असे ती सांगते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी फराळाच्या यादीत गुंतले होते. वाटले, सोने द्यायला येते म्हणून सांगत असेल.

“मॅडम, ते तळेगाव दशासर म्हणालात ना, तिथं जायला पुण्याहून कोणती गाडी? आणि बाहेरच्या मुलीला जोडी हाकू देतात का, ते कोणाला विचारायचं?”

मी म्हटले, “नंतर सांगते.” आणि लगेच जीभ चावून म्हटले, “थांब, धर जरा. आत्ताच बघते.”